दूरचे दार आणि ज्याची त्याची किल्ली

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ह्या व्याख्यानमालेत माझ्यापूर्वी बोललेल्या वक्त्यांनी संस्थेचा पन्नास वर्षांचा इतिहास, देणगीदारांचे औदार्य आणि वसतिगृहातून शिकून मोठ्या झालेल्या विद्यार्थ्यांच्या कथा आपणांस ऐकविल्या. माझ्या वाट्यास आलेला विषय त्या मानाने रुक्ष आहे. संस्थेच्या बेळगावच्या कचेरीत जो सर्व्हर बसविलेला आहे, तो पुण्यामुंबईस किंवा मस्कतीस राहणाऱ्या आपल्या सभासदांना तेथूनच सुरक्षितपणे कसा वापरता येईल, हे समजावून सांगण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आहे. मी शाळामास्तर आहे. कठीण धडा सोपा करून सांगणे हा आमचा रोजचा व्यवसाय असल्यामुळे ही आज्ञा मी आनंदाने स्वीकारली.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा विषय यंत्राचा वाटतो खरा, पण त्याच्या मुळाशी माणसांची अब्रू आहे. त्या सर्व्हरवर काय आहे? जमाखर्च आहे, इमारतीचे नकाशे आहेत, सभेची इतिवृत्ते आहेत. ती उद्या कोणी चोरून वाचली तर फारसे बिघडणार नाही. परंतु त्याच यंत्रावर शिष्यवृत्तीचे अर्ज आहेत. कोणाच्या घरी कमावते कोणी नाही, कोणत्या भगिनीने औषधपाण्यासाठी मदत मागितली, तिला कोणता आजार आहे, कोणत्या मुलाची फी तीन वर्षे आपण भरतो, त्याचे बँकेतील खाते कोणते, हे सारे तेथे नावानिशी लिहिलेले आहे. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण आपणां सर्वांच्या घरी आहे. देव्हाऱ्यासमोर बसणाऱ्यांच्याही आणि नमाज पढणाऱ्यांच्याही. ज्याने हात पसरला त्याने आपल्या घरची दुःखे संस्थेपाशी अमानत म्हणून ठेवलेली असतात. ह्या अमानतीला पाय फुटले तर ती कोणत्याही देणगीने भरून येणार नाही. आता कायद्यानेही ह्यात लक्ष घातले आहे; लोकांची वैयक्तिक माहिती सांभाळणाऱ्यांवर जबाबदारी टाकणारा अधिनियम आपल्या संसदेने २०२३ साली संमत केला. पण आपल्यासारख्या संस्थेला कायद्याचा धाक दाखवावा लागू नये.

मग दूरस्थ सभासदांना दार उघडूच नये, असे कोणी म्हणेल. तेही बरोबर नाही. आपले हिशेबनीस पुण्यास असतात, शिष्यवृत्ती समितीतील दोन सभासद परदेशी आहेत. त्यांना दार उघडून दिले नाही, तर अर्जांच्या याद्या ईमेलने आणि मोबाईलवरील निरोपांतून फिरू लागतात, आणि एकेका यादीच्या दहा दहा प्रती कोणाकोणाच्या खिशात राहतात. त्यापेक्षा कागद एकाच जागी राहावेत आणि माणसांनी तेथपर्यंत यावे, हे शहाणपणाचे. प्रश्न एवढाच की दार कसे असावे आणि किल्ली कोणाजवळ असावी.

सर्व्हर म्हणजे कोणी अद्भुत प्राणी नव्हे. दुसऱ्या संगणकांनी मागितलेली कामे करून देण्यासाठी रात्रंदिवस चालू ठेवलेला तो एक संगणकच होय. पुण्याहून आपण त्याला काही सांगतो तेव्हा तो निरोप थेट तारेने बेळगावास पोहोचत नाही. वाटेत तो अनेकांच्या यंत्रांतून हातोहात पुढे जातो. जुन्या काळी हे काम 'टेलनेट' नावाच्या पद्धतीने होत असे. तिचा उगम १९६९ सालचा, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या जन्मकाळचा. त्या वेळी जोडलेली यंत्रे मूठभर विद्यापीठांची होती, सारी मंडळी परिचयाची होती. म्हणून टेलनेटने निरोप पोस्टकार्डासारखा उघडा पाठविला. वापरणाऱ्याचे नाव आणि त्याचा पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, हेही त्याच पोस्टकार्डावर. वाटेतल्या कोणत्याही यंत्राजवळ बसलेल्या माणसाने मनात आणले तर त्याने ते वाचावे.

मूठभरांचे गाव मोठे शहर झाले तरी पोस्टकार्ड चालूच राहिले. त्याचा परिणाम १९९५ साली फिनलंड देशात दिसला. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी निरोप ऐकणारा एक कार्यक्रम गुपचूप बसविला होता, आणि जाणाऱ्या येणाऱ्यांची नावे व पासवर्ड हजारोंच्या संख्येने त्यात जमा झाले होते. त्या विद्यापीठात टाटू यलोनेन नावाचे एक तरुण संशोधक होते. त्यांनी ह्या प्रकारानंतर थोड्या महिन्यांत एक नवी पद्धत लिहून काढली, तिला 'सिक्युअर शेल', थोडक्यात 'एसएसएच', असे नाव दिले आणि १९९५ च्या जुलैमध्ये ती सर्वांना विनामूल्य देऊन टाकली. इंटरनेटवरील प्रत्येक सेवेला एक दारक्रमांक असतो. फायली पाठविण्याच्या जुन्या पद्धतीचा २१ आणि टेलनेटचा २३. यलोनेन ह्यांनी मधला मोकळा २२ मागितला आणि तो त्यांना मिळाला. आजही जगभर एसएसएचचे नेहमीचे दार २२ हेच आहे. त्या वर्षअखेरीस पन्नास देशांतील सुमारे वीस हजार लोक ही पद्धत वापरू लागले होते.

पुढे मूळ कार्यक्रमाच्या नव्या आवृत्त्यांवर निर्बंध आले, तेव्हा 'ओपनबीएसडी' ह्या प्रकल्पातील मंडळींनी जुन्या मुक्त आवृत्तीपासून आरंभ करून १९९९ साली 'ओपनएसएसएच' तयार केले. आपल्या कचेरीतील यंत्रावर हेच आहे. विंडोजच्या सध्याच्या संगणकांतही त्याचा वापरावयाचा भाग आधीच घातलेला असतो, आणि ह्या सर्वाला एक पैसाही पडत नाही. ज्या संस्था लोकांच्या देणगीवर चालतात त्यांनी हे लक्षात ठेवावे, की इतर मंडळींनीही आपल्या श्रमाची अशी देणगी जगाला दिलेली आहे.

आता ही पद्धत करते काय, ते पाहू. दाराशी तीन प्रश्न असतात. मी ज्या दाराशी आलो ते खरोखर माझ्याच संस्थेचे आहे काय? आतबाहेर होणारे आमचे बोलणे मधल्या कोणाला ऐकू येते काय? आणि दार ठोठावणारा तो मीच आहे हे आतल्याने कशावरून ओळखावे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. जोडणी होताच दोन्ही यंत्रे उघड्यावर काही संख्यांची देवघेव करतात, आणि त्यांतून दोघांनाच ठाऊक असे एक गुपित सिद्ध होते. सारी देवघेव ऐकणाऱ्यालाही ते गुपित काढता येत नाही. ही युक्ती व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन ह्या अमेरिकन संशोधकांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. मागाहूनचा एकूण एक शब्द त्या गुपिताने सांकेतिक होऊन जातो. पोस्टकार्डाचा लखोटा झाला, असे म्हणा; आणि तोही असा की वाटेत कोणी उघडून त्यात एक अक्षर बदलले तरी पलीकडे ताबडतोब कळावे.

हे कसे शक्य आहे, असे आपणांस वाटेल. वर्गातील मुलांना मी एक उदाहरण घालीत असतो. ८९ ला ९७ ने गुणा. पाटीवर अर्ध्या मिनिटात ८,६३३ हे उत्तर येते. आता दुसऱ्या वर्गात जाऊन नुसते ८,६३३ लिहा आणि विचारा, ही कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकाराने आली? तास संपतो तरी मुले भागाकार करीत असतात. जाणे सोपे, परत येणे कठीण. चार अंकांऐवजी शेकडो अंकांची संख्या घेतली तर परत येण्यास आजच्या यंत्रांना कल्पनेबाहेरचा काळ लागेल. सगळ्या पद्धती गुणाकारावरच उभ्या आहेत असे नाही. डिफी-हेलमनची युक्ती घातांकावर चालते आणि हल्लीच्या किल्ल्या निराळ्या गणितावर. परंतु पुढे सोपे आणि मागे अवघड, हे तत्त्व सर्वांचे एकच.

ह्याच तत्त्वातून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. प्रत्येक सभासद आपल्या संगणकावर किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. एक खाजगी, ती त्याच्यापाशीच राहते. दुसरी उघडी, ती त्याने कचेरीला द्यावयाची. बँकेत खाते काढताना आपण नमुन्याची सही देतो. चेक आला की कारकून तो नमुना काढून सही ताडून पाहतो. उघडी किल्ली म्हणजे हा नमुना. फरक एवढाच की बँकेतला नमुना ज्याच्या हाती लागला तो गिरवून गिरवून खोटी सही शिकू शकेल. ह्या नमुन्यावरून मात्र सही करणे कोणालाच साधत नाही. तो चौकातल्या फळ्यावर लावला तरी चालेल. शिवाय प्रत्येक जोडणीच्या वेळी मजकूर नवा असतो आणि त्याच मजकुरावर सही करावी लागते, त्यामुळे कालची सही उचलून आज वापरता येत नाही.

येथे माझ्या भाषणाचा मुख्य मुद्दा आला. पासवर्डच्या पद्धतीत माझे गुपित मला दरवेळी दाराशी नेऊन द्यावे लागते. किल्लीच्या पद्धतीत गुपित घर सोडून कधीच बाहेर पडत नाही. कचेरीजवळ नमुने, आणि किल्ली ज्याची त्याच्यापाशी. अशा व्यवस्थेत संस्थेचे यंत्र उद्या चोरीला गेले तरी चोराच्या हाती कोणाचीही किल्ली लागत नाही.

राहिला पहिला प्रश्न, दार खरे की खोटे. सर्व्हरलाही स्वतःची अशीच एक जोडी असते. प्रथम जोडणी करताना आपल्या पडद्यावर त्रेचाळीस अक्षरांचा एक ठसा उमटतो आणि विचारणा होते की हे यंत्र तुमच्या ओळखीचे आहे काय. बहुतेक लोक न वाचता 'हो' म्हणून मोकळे होतात. कुलूप कितीही उत्तम असो, भलत्याच घरात शिरल्यावर त्याचा काय उपयोग? आपण त्या ठशाचा कागद कचेरीत करून ठेवला आहे. ज्यांना प्रवेश द्यावयाचा त्यांनी पहिल्या वेळी कचेरीस फोन करावा आणि अक्षरे ताडून पाहावीत. पाच मिनिटांचे काम आहे आणि एकदाच करावयाचे आहे. पुढे कधी 'यंत्राची ओळख बदलली आहे' असा इशारा आला, तर पुढे न जाता आधी कचेरीला विचारावे.

आता प्रत्यक्ष कृती. ज्यांच्या घरी कॉलेजात शिकणारी मुले आहेत त्यांनी हा भाग त्यांनाही वाचावयास द्यावा.

सर्व्हरवर ओपनएसएसएचचा सर्व्हर-भाग बसवून घ्यावा. त्यानंतर प्रत्येक व्यक्तीच्या नावे स्वतंत्र खाते काढावे आणि त्या खात्याला जेवढ्यास तेवढाच अधिकार द्यावा. हिशेबनिसांना हिशेबाची खोली, शिष्यवृत्ती समितीला अर्जांची. सभासदाने आपल्या संगणकावर 'एसएसएच-कीजेन' हा कार्यक्रम चालवून किल्लीची जोडी करावी. 'ईडी २५५१९' ह्या प्रकारची किल्ली लहान, जलद आणि भरवशाची आहे. त्या वेळी एक परवलीचे वाक्य विचारले जाते. ते रिकामे सोडू नये. संगणक हरवला तरी ते वाक्य ठाऊक नसलेल्याच्या हाती किल्लीचे नुसते लोखंड राहते. चारपाच असंबद्ध शब्दांचे वाक्य लक्षात राहते आणि ओळखता येत नाही.

जोडीपैकी ज्या फायलीच्या नावाअखेर 'पब' असते ती उघडी. तेवढीच कचेरीला पाठवावी. दुसरी फाईल कोणी मागितली, मग तो मीच का असेना, तरी देऊ नये. कचेरीतला माणूस उघड्या किल्लीची ती एक ओळ त्या सभासदाच्या खात्यातील 'ऑथोराइज्ड कीज' ह्या फायलीत घालतो. ती फाईल खातेदाराखेरीज इतरांना उघडता येऊ नये. खणाला ७०० आणि फायलीला ६०० असे अधिकारांक ठेवतात. दुसऱ्या कोणालाही त्यात लिहिता येत असेल तर सर्व्हर स्वतःच ती किल्ली नाकारतो. नवशिके येथेच अडतात आणि किल्ली खराब निघाली असे समजतात.

किल्लीने दार उघडते असा अनुभव आल्यानंतरच पासवर्डचे दार बंद करावयाचे, त्याआधी नाही. सर्व्हरच्या व्यवस्थेच्या फायलीत 'पासवर्ड ऑथेंटिकेशन' पुढे 'नो' लिहावे, 'परमिट रूट लॉगिन' पुढेही 'नो' लिहावे. रूट म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. त्या नावाने बाहेरून कोणीच येऊ नये. आपल्या नावाने यावे आणि आत आल्यावर गरजेपुरता अधिकार घ्यावा, म्हणजे कोणी काय केले ह्याची नोंद राहते. येथे एक खाचखळगा आहे. पुष्कळ यंत्रांवर ह्या मुख्य फायलीला लहान लहान उपफायली जोडलेल्या असतात आणि जे विधान आधी वाचले जाते तेच चालते. आपण मुख्य फायलीत 'नो' लिहावे आणि एखाद्या उपफायलीत बसलेले 'येस' गुपचूप राज्य करीत राहावे, असे घडते. म्हणून प्रत्यक्षात काय लागू आहे ते 'एसएसएचडी' ला मोठ्या टी ची खूण देऊन विचारावे. लहान टी ची खूण दिली तर लिहिण्यातल्या चुका कळतात. आणि हे सर्व चालू असताना आधीची जोडणी तोडू नये. दुसऱ्या खिडकीतून नवी जोडणी करून पाहावी. ती जमली की मगच पहिली बंद करावी. नाहीतर घराला कुलूप घालून किल्ली आत राहिली, असा प्रसंग येतो, आणि मग कोणाला तरी रात्रीच्या गाडीने बेळगावास यावे लागते.

दारक्रमांक २२ बदलून दुसरा घ्यावा काय, असे काहीजण विचारतात. इंटरनेटवर पत्ते हुडकीत फिरणारी आणि नाव-पासवर्ड घालून पाहणारी यंत्रे रात्रंदिवस चालू असतात. क्रमांक बदलल्याने त्यांचा गलबला कमी होतो. पण ही नुसती घंटेची जागा बदलणे झाले, कुलूप नव्हे. खरे संरक्षण किल्लीनेच होते. त्याबरोबर फायरवॉल, म्हणजे यंत्राची तटबंदी, लावून आपण मुद्दाम उघडलेल्या दारांखेरीज बाकीची सारी बंद ठेवावीत. हिशेबाचा कार्यक्रम इंटरनेटवर उघडा ठेवण्याचे कारणच नाही. एसएसएचमधून एक बोगदा काढता येतो आणि त्या बोगद्यातून पुण्यास बसलेल्या हिशेबनिसांना तो कार्यक्रम आपल्याच टेबलावर असल्यासारखा दिसतो. बाहेरच्यांना तो मुळीच दिसत नाही.

आणखी एक व्यवहारातली अडचण. घरगुती ब्रॉडबँडच्या कित्येक जोडण्यांना इंटरनेटवर स्वतःचा पत्ता मिळत नाही; पुष्कळ गिऱ्हाइकांत मिळून एकच पत्ता वाटलेला असतो. एकाच दारावर चाळीस बिऱ्हाडांची पाटी असेल तर पाहुणा नेमका कोणाकडे जाणार? अशा वेळी पुरवठादाराकडून स्वतंत्र कायमचा पत्ता घ्यावा, किंवा 'वायरगार्ड'सारख्या साधनाने सर्व्हर आणि सभासद ह्यांचे एक खाजगी जाळे करावे. तसे जाळे असेल तर एसएसएचचे दार फक्त त्या जाळ्यापुरते उघडे ठेवता येते. हेच मला अधिक पसंत आहे.

इतके झाले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. दोन हकीगती सांगतो. 'डेबियन' नावाच्या प्रसिद्ध लिनक्स-मालिकेत २००६ साली एक लहानसा फेरफार झाला, आणि किल्ली घडविताना जी यादृच्छिकता लागते ती जवळजवळ नाहीशी झाली. अब्जावधींऐवजी, एका जातीच्या यंत्रावर एका लांबीच्या ३३ हजारांच्या आतच किल्ल्या निघू लागल्या. हे २००८ च्या मे महिन्यात उघडकीस आले, तोवर जगभर तशा किल्ल्या वापरात होत्या आणि त्या सर्व टाकून द्याव्या लागल्या. दुसरी हकीगत २०२४ सालची. 'एक्सझेड' नावाचे फायली आवळून लहान करणारे एक साधन आहे. एका टोपणनावाच्या माणसाने दोनेक वर्षे निष्ठेने काम करून त्याच्या चालकांचा विश्वास मिळविला आणि मग त्यात एसएसएचचे दार पोखरणारे भुयार लपवून ठेवले. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला एसएसएचने आत जाताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच खटकले. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरविला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे प्रकरण जगापुढे मांडले. ते भुयार तोवर मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांतच पोहोचले होते, म्हणून मोठा अनर्थ टळला.

पहिल्या हकीगतीवरून एवढे घ्यावे की दुरुस्त्या निघताच त्या यंत्रावर चढविल्या पाहिजेत; कुलूप कितीही नामांकित असले तरी ते तपासावे लागते. दुसरीवरून असे की लक्ष ठेवणारा एक माणूस पाहिजे. सर्व्हर आपल्या रोजनिशीत कोण केव्हा आले आणि कोणाला परत पाठविले हे लिहीत असतो. आठवड्यातून एकदा कोणीतरी ती वाचली पाहिजे. जी वही कोणी उघडीत नाही ती लिहिण्याचा उपयोग काय?

आता काही ज्येष्ठ सभासदांच्या शंकेकडे वळतो. ते मला म्हणाले, "गुरुजी, इतकी वर्षे आपण एकमेकांच्या शब्दावर संस्था चालविली. आता आपल्याच माणसांना कुलपे लावावयाची? एकच पासवर्ड ठेवा आणि सर्वांना सांगून टाका." त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. परंतु आपले खजिनदार सख्ख्या भावाकडून अकरा रुपये घेतले तरी पावती फाडतात. त्यात भावावर अविश्वास नसतो. उद्या हिशेबात अकरा रुपयांचा फरक निघाला तर भावाकडे कोणी बोट दाखवू नये, म्हणून ती पावती असते.

माझ्या माहितीतल्या एका शिक्षणसंस्थेत, तिचे नाव घेण्याचे कारण नाही, सर्व कर्मचाऱ्यांना मिळून एकच पासवर्ड होता. तो टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलेला असे. एका वर्षी फी-माफीच्या यादीतील मुलांची नावे बाहेर फुटली. वर्गात मुले त्या मुलांना चिडवू लागली, आणि त्यांतल्या एका मुलीने शाळा सोडली. चौकशी झाली. यंत्राची नोंद पाहिली तर दरवेळी तेच एक नाव. संशय मात्र एका गरीब शिपायावर आला, कारण तो बोलू शकत नव्हता. त्याने काही केले होते असे सिद्ध झाले नाही. त्याने काही केले नाही असेही सिद्ध करता आले नाही. तो तसाच निवृत्त झाला. त्या शिपायाचे स्वतःचे खाते आणि स्वतःची किल्ली असती, तर ती त्याची साक्षीदार झाली असती. सामायिक पासवर्डात प्रामाणिक माणसाला स्वतःचा बचाव करता येत नाही, ही त्याची सर्वांत मोठी खोड आहे.

म्हणून मी मंडळापुढे काही सूचना ठेवतो. किल्ल्यांचे एक नोंदबुक असावे. किल्ली कोणाची, कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेस, कोणत्या ठरावाने दिली, हे त्यात लिहावे. माणूस पदावरून उतरला की त्याच दिवशी त्याची ओळ काढून टाकावी. तीत अपमान नाही. अध्यक्षांनी आपली मुदत संपताच कपाटाच्या किल्ल्या परत द्याव्यात, तसेच ते. एकाची ओळ काढली म्हणून इतर कोणाला काही बदलावे लागत नाही, हा ह्या पद्धतीचा मोठा गुण आहे. सामायिक पासवर्ड असता तर तो सर्वांसाठी बदलावा लागला असता, आणि आळसाने कोणीच बदलला नसता. कोणाचा संगणक हरवला तर संकोच न करता त्याने रात्रीअपरात्रीसुद्धा कचेरीला कळवावे. आणि दरवर्षी हिशेबतपासणीच्या वेळी नोंदबुक आणि यंत्रातील किल्ल्या एकमेकांशी ताडून पाहाव्यात.

दुसरी सूचना, यंत्राचे सर्वाधिकार एकट्या माणसापाशी नसावेत. सरकारी खजिन्याला दोन कुलपे आणि दोन अधिकाऱ्यांकडे दोन किल्ल्या, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. येथे दोन्ही किल्ल्या एकदम लागाव्यात असे मी म्हणत नाही. पण एक जाणकार आजारी पडला तर दुसऱ्याला दार उघडता आले पाहिजे. आज ही व्यवस्था मी बसवून देत आहे, पण संस्था माझ्या भरवशावर राहू नये. सगळी कृती सोप्या मराठीत लिहून तिची एक प्रत लखोट्यात बंद करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. वसतिगृहातील दोन हुशार विद्यार्थ्यांना, मुलगे असोत वा मुली, हे काम शिकविण्यास मी तयार आहे. दर रविवारी सकाळी दोन तास मी कचेरीत बसेन.

तिसरी, दार मजबूत केले म्हणून घर जळत नाही असे नाही. सर्व फायलींची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवलीच पाहिजे, आणि त्या प्रतीतून फायली परत मिळतात की नाही हे सहा महिन्यांनी करून पाहिले पाहिजे. ही प्रत नेण्यासाठीही एसएसएचचाच मार्ग आहे. त्या कामाची किल्ली निराळी करून तिला त्या एकाच कामाचे बंधन घालता येते.

ह्या तिन्ही सूचनांस मोठा खर्च नाही. यंत्र आहे, कार्यक्रम विनामूल्य आहेत. लागते ती थोडी शिस्त, आणि हिशेबाच्या बाबतीत ती ह्या संस्थेने पन्नास वर्षे दाखविलेलीच आहे. संस्थेकडे मदत मागावयास आलेल्या आईने आपले नाव कागदावर लिहिताना कचरू नये, एवढ्यासाठी ही सारी खटपट. पुढच्या सर्वसाधारण सभेत नोंदबुकाचा ठराव विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी अध्यक्षमहाराजांस माझी विनंती आहे.